मशीन बिघडलं नाही, आधी बॉबिन बघा

कुणी चुलीपुढं असेल, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी नुकतीच रानातून येऊन पाय धूत असेल, सगळ्यांना नमस्कार. ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांनी रेडिओ मशीनपाशी नेऊन ठेवा. मशीनवरचं फडकं काढा, त्यावर ठेवलेली डाळीची पिशवी आणि पोरांची दप्तरं खाली उतरवा. आज हातानं करून बघायचं आहे, नुसतं ऐकून उपयोग नाही.

डाळीची पिशवी मी उगीच म्हटली नाही. शिवणाच्या वर्गाच्या निमित्तानं मी गावोगाव जाते. किती तरी घरांत मशीन असतं, जुन्या साडीनं नीट झाकलेलं असतं, आणि त्याचं फडताळ झालेलं असतं. विचारलं की घरातली ताई म्हणते, “बिघडलंय हो.” काय झालं? “खाली दोऱ्याचा गुंता होतोय.” कधीपासून? “झालं की दोन दिवाळ्या.”

गटातून कर्ज काढून मशीन घेतलेलं असतं. हप्ता चुकत नाही, मशीन मात्र बंद. एखादी हौशी असली तर नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या मागं लागते. तो मोटरसायकलवर मशीनचं डोकं बांधून तालुक्याला नेतो. दुरुस्तीवाला दोरा काढतो, परत घालतो, दोन थेंब तेल सोडतो आणि पैसे घेतो. मशीन घरी येतं, आठ दिवस चालतं, पुन्हा गुंता. मग घरातली माणसं म्हणतात, “तुला जमत नाही, ठेव झाकून.” हे वाक्य ऐकलेल्या बायका या कार्यक्रमाला कमी नसतील.

माझा अनुभव असा, की अशी झाकून ठेवलेली मशीनं बहुतेक वेळा धडधाकट असतात. दोरा चुकीचा ओवलेला असतो, बॉबिन ढिली किंवा वेडीवाकडी भरलेली असते, नाहीतर केसच्या पट्टीत कचरा अडकलेला असतो. याला ना मोटरसायकल लागते, ना तालुका.

आता मशीनची टीप होते कशी, ते आधी समजून घेऊ. एवढं कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही.

आपण गोधडीला धावदोरा घालतो तेव्हा एकच दोरा कापडाच्या वर-खाली पळतो. सुई अख्खी कापडातून आरपार जाते. मशीनची सुई तशी आरपार जात नाही. ती वरून खाली येते आणि आल्या वाटेनं परत वर जाते. तिचं नेढंही टोकापाशी असतं, मागं नसतं. मग दोरा अडकतो कशात? तर खालच्या दुसऱ्या दोऱ्यात. सुई खाली जाऊन जरा वर उचलली की तिच्या दोऱ्याचा एक छोटा फासा सुईच्या बाजूला फुगतो. खाली शटल असतं, त्याचं अणकुचीदार टोक तो फासा पकडतं आणि अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. म्हणजे प्रत्येक टाक्याला वरचा दोरा खालच्या बॉबिनला वळसा घालून येतो. मग वरची दांडी तो दोरा खेचते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसते. वरून बघाल तर वरचाच दोरा दिसेल, खालून बघाल तर खालचाच. ती चांगली टीप.

ही दोन दोऱ्यांची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत इलियास होव नावाच्या माणसानं १८४६ साली अशा मशीनचं पेटंट घेतलं. पहिल्या मशीनांत शटल होडीच्या आकाराचं असायचं आणि बॉबिन लांबट, काडीसारखी. कुणाच्या आजेसासूचं हातानं फिरवायचं जुनं मशीन माळ्यावर असेल तर काढून बघा, कदाचित तशी लांब बॉबिन सापडेल. ज्यांचं माहेर येवला, सोलापूर, इचलकरंजीकडं विणकराच्या घरात आहे त्यांना हे लगेच कळेल. मागावर धोटा असतो आणि धोट्यात कांडी असते, तसंच हे. कांड्या भरणं हे त्या घरांत बायकांचंच काम. कांडी नीट भरली नसेल तर धोटा पळताना बाण्याचा दोरा तुटतो, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. बॉबिन म्हणजे मशीनची कांडीच.

तर चला, बॉबिन भरू. मी साध्या काळ्या मशीनचं सांगते, हातानं किंवा पायानं चालणाऱ्या. बहुतेकींकडं तेच आहे.

उजव्या हाताला मोठं चाक आहे. त्या चाकाच्या मधोमध एक छोटा गोल स्क्रू दिसेल, कडेनं खरखरीत. एका हातानं मोठं चाक घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं हा छोटा स्क्रू स्वतःकडं वळवून सैल करा. आता चाक फिरवून बघा. चाक फिरेल, पण सुई हलणार नाही. हे केलंच पाहिजे. पुष्कळ बायका हा स्क्रू सैल न करताच बॉबिन भरतात. तेव्हा सुई रिकामीच वर-खाली नाचते, वरचा दोरा ओवलेला असेल तर तो खाली जाऊन शटलमध्ये अडकतो, आणि कापड नसताना खालचे दाते वरच्या पायाला घासत राहतात. मशीन झिजतं आणि आवाज करायला लागतं. शिवाय कापड दाबणारा पाय वर उचलून ठेवा.

आता रीळ खुंटीवर बसवा. मशीनच्या पाटावर उजव्या टोकाला एक छोटी खुंटीवजा पट्टी असते, तिच्यात दोन गोल चकत्या एकमेकींना चिकटून असतात. रिळाचा दोरा खाली आणून या दोन चकत्यांच्या मधून घ्यायचा. या चकत्या नुसत्या शोभेला नाहीत. दोरा त्यांच्यातून येताना थोडा ताणला जातो आणि बॉबिनवर घट्ट बसतो. त्या गाळून थेट दोरा नेला तर बॉबिन मऊ भरते. बोटानं दाबून बघा, कापसाच्या वातीसारखी लागेल. अशी बॉबिन केसमध्ये गेली की वरच्या वेढ्यातून खालचा वेढा वर येतो, दोरा मध्येच अडकतो, मध्येच सुटतो, आणि टीप कधी घट्ट, कधी सैल पडते. नीट भरलेली बॉबिन दाबली तर दबत नाही.

पुढं, दोऱ्याचं टोक बॉबिनच्या भोकातून आतून बाहेर काढा आणि बॉबिन चाकाजवळच्या दांडीवर बसवा. दांडीला बारीक खिळा असतो, तो बॉबिनच्या खाचेत बसला पाहिजे, नाहीतर दांडी फिरते आणि बॉबिन जागेवरच राहते. मग ती यंत्रणा खाली दाबा, म्हणजे तिचं रबरी कडं मोठ्या चाकाला टेकेल. दोऱ्याचं टोक वर धरून ठेवा. मशीन हळू चालवा. पाच-सहा वेढे बसले की थांबा आणि धरलेलं टोक बॉबिनच्या अगदी जवळून कापून टाका. ते टोक लोंबत राहिलं तर केसमध्ये अडकतं.

मग सारख्या गतीनं भरा. घाईची गरज नाही. विशेषतः पॉलिस्टरचा दोरा असेल तर फार जोरात भरू नका. जोरात भरताना तो ताणला जातो आणि ताणलेलाच बॉबिनवर बसतो. शिवणीत गेल्यावर मात्र आपल्या मूळ लांबीला परत यायला बघतो आणि कापडाला चुण्या पाडतो. ब्लाउज शिवून, इस्त्री करून दिला आणि दुसऱ्या दिवशी काखेतली शिवण गोळा झाली, असं ज्यांच्या बाबतीत होतं त्यांनी आधी भरायचा वेग कमी करून बघावा.

भरताना दोरा कुठं जमतोय तिकडं लक्ष द्या. बॉबिन कडेपासून कडेपर्यंत सपाट भरली पाहिजे. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खड्डा होत असेल तर चकत्यांची ती पट्टी जरा सरकलेली आहे. तिचा स्क्रू सैल करून, ज्या बाजूला दोरा कमी पडतोय त्या बाजूला पट्टी किंचित सरकवा. तोवर काम अडलं असेल तर बोटाच्या शेंड्यानं दोरा हलकेच इकडं-तिकडं न्यावा, पण ती कायमची सोय नव्हे.

आणि काठोकाठ भरू नका. डब्यात पीठ भरताना झाकण बसायला जागा ठेवतो ना, तशी कडेला थोडी जागा ठेवा. काठाबाहेर फुगलेली बॉबिन केसमध्ये घासते. बऱ्याच मशीनवर बॉबिन भरली की यंत्रणा आपोआप मागं होते. जुन्या मशीनवर ती ढिली झालेली असते, तिथं नजर ठेवा.

बॉबिन फिरतच नसेल किंवा अडखळत फिरत असेल तर ते रबरी कडं बघा. झिजून गुळगुळीत झालं असेल, कडक होऊन तडकलं असेल, नाहीतर त्याला तेल लागलं असेल. तेल लागलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. कडं झिजलं असेल तर नवीन घ्या. ही स्वस्तातली वस्तू आहे. त्यासाठी मशीन नेऊ नका, जुनं कडं काढून पदराला बांधा आणि बाजारच्या दिवशी दुकानात दाखवा. बॉबिनचंही तसंच. दिसायला सगळ्या बॉबिनी सारख्या, पण जाडीत नि उंचीत फरक असतो. आपली एक बॉबिन सोबत नेऊन तशीच घ्यावी.

एक वाईट सवय मात्र मोडायलाच हवी. बॉबिनवर थोडा लाल दोरा शिल्लक आहे, त्यावरच हिरवा भरायचा. दोरा वाया जाऊ नये म्हणून आपण असं करतो, मला कळतं. पण खालचा वेढा उंचसखल असतो, वरचा दोरा त्यावर सपाट बसत नाही, आणि शिवता शिवता हिरवा कधी संपला ते कळत नाही. उरलेला दोरा हातशिलाईला, काज-बटणाला, हुक लावायला काढून ठेवा. पाच-सहा बॉबिनी जास्तीच्या घेऊन ठेवल्या तर ही वेळच येत नाही.

मोटर बसवलेल्या ताईंनी वीज असेल तेव्हाच चार बॉबिनी भरून ठेवाव्यात. वीज गेल्यावर पायानं शिवता येतं, पण अंधारात भरत बसणं नको.

दोरा किती लागतो याचाही अंदाज असू द्या. साध्या सरळ टिपेला, एक मीटर शिवणीमागं वरचा-खालचा मिळून साधारण अडीच मीटर दोरा जातो. म्हणजे खालचा सव्वा मीटर धरा. सहा कळ्यांच्या परकराच्या सहा उभ्या शिवणी साधारण सहा मीटर होतात. खालचा घेर आणि वरचा नेफा धरून शिवण दहा मीटरच्या आसपास जाते. म्हणजे एका परकराला बॉबिनवरचा बारा-तेरा मीटर दोरा हवा. बॉबिनवर शेवटचे चार वेढे दिसत असताना घेर दुमडायला बसू नका. मधेच दोरा संपतो, आपल्याला कळत नाही, सुई नुसती भोकं पाडत पुढं जाते.

आता बॉबिन केस. स्टीलची ती छोटी वाटी. मशीनच्या डाव्या बाजूचा सरकता पत्रा ओढा, आत हात घाला. त्याआधी चाक स्वतःकडं फिरवून सुई अगदी वर घ्या. केसला पाठीवर एक छोटं दार असतं, ते चिमटीत उघडून धरलं की केस बाहेर येते आणि बॉबिन खाली पडत नाही. दार सोडलंत तर बॉबिन टपकन पडते आणि नेमकी कपाटाखाली जाते.

केसमध्ये बॉबिन कशी ठेवायची, इथं निम्म्या बायका अडतात. केसची उघडी बाजू आपल्याकडं धरा. बॉबिन अशी ठेवा की दोरा ओढल्यावर ती घड्याळाच्या काट्यांसारखी, डावीकडून वर जाऊन उजवीकडं फिरेल. काळ्या मशीनवर असंच असतं. मग दोरा केसच्या कडेला असलेल्या चिरेत घाला आणि मागं वळवून पातळ पट्टीखाली ओढा. पट्टीच्या टोकाशी छोटं भोक किंवा खाच असते, दोरा तिथून बाहेर निघाला पाहिजे. नीट बघा, बॉबिनवरून दोरा एका दिशेनं येतो आणि चिरेपाशी उलटा वळतो. तो वळसा पडला म्हणजे दोरा पट्टीखालून निसटत नाही. बॉबिन उलटी ठेवली तर वळसा पडत नाही, शिवताना दोरा पट्टीखालून हळूच बाहेर येतो आणि टीप सैल होते.

प्लॅस्टिकच्या नव्या मशीनांत बॉबिन वरून ठेवतात. तिथं दिशा वेगळी असू शकते. झाकणावर बाण काढलेला असतो, तोच बघायचा.

आता एक परीक्षा. ही मी वर्गात पहिल्या दिवशी शिकवते, कारण हिला ना चष्मा लागतो, ना शाळा. केसमधल्या दोऱ्याचं टोक चिमटीत धरा आणि केस खाली लोंबू द्या. खाली दुसरा हात धरा. केस नुसती लोंबत राहिली पाहिजे. मग मनगटाला हलका झटका द्या, विहिरीच्या दोराला देतो तसा. केस दोन-तीन बोटं खाली उतरून थांबली तर ताण बरोबर. झटका न देताच सरसर खाली गेली तर सैल आहे. झटका देऊनही जागची हलली नाही तर फार घट्ट.

सैल असेल तर लगेच स्क्रूला हात घालू नका. आधी दोरा खरोखर पट्टीखाली आहे का बघा. मग पट्टीखाली कचरा अडकलाय का बघा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कड पट्टीखालून एकदा सरकवा. सुती दोऱ्याचं काय काय पीठ बाहेर येतं ते बघून थक्क व्हाल. एवढ्यानं भागलं नाही तरच स्क्रू. पट्टीवर दोन स्क्रू असतील तर कडेचा छोटा स्क्रू पट्टी धरून ठेवणारा आहे, त्याला हात लावायचा नाही. मधला जरा मोठा असतो, तो ताणाचा. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की घट्ट, उलटा फिरवला की सैल. आणि फिरवायचा किती? घड्याळाचा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच. पुन्हा लोंबवून बघा. हे काम ताटात करा, म्हणजे स्क्रू निघून पडला तरी सापडेल.

केस परत बसवताना दार उघडं धरा, केसचं बोट वरच्या दिशेला ठेवा, मधल्या खुंटीवर केस सरकवा आणि दार सोडून अंगठ्यानं दाबा. ‘टक’ असा आवाज यायलाच हवा. आवाज आला नाही तर केस बसलेली नाही. ती शिवताना निसटते, वरून येणारी सुई तिच्यावर आपटते आणि मोडते. मोडलेल्या सुईचा तुकडा डोळ्याकडं उडू शकतो, म्हणून त्या ‘टक’साठी कान ठेवा. पोरं आसपास बडबडत असतील तर क्षणभर गप्प करा. दोऱ्याचं टोक चार बोटं बाहेर लोंबतं ठेवा.

आता चाकाचा तो मधला स्क्रू पुन्हा घट्ट करा. हे विसरलं की पायडल मारलं तरी सुई हलत नाही, आणि मग म्हणतो मशीन गेलं.

वरचा दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर असला पाहिजे. पाय वर असताना ताणाच्या चकत्या उघडतात आणि दोरा आत बसतो. पाय खाली असताना दोरा चकत्यांच्या वरूनच जातो, आत शिरत नाही. सुईला एका बाजूनं लांब खाच असते, ती ज्या बाजूला असेल त्या बाजूनं दोरा नेढ्यात घालायचा. नेढं दिसत नसेल तर सुईमागं पांढरा कागद धरा आणि दोऱ्याचं टोक तिरपं कापा.

मग खालचा दोरा वर काढायचा. वरच्या दोऱ्याचं टोक डाव्या हातात सैलसर धरा. उजव्या हातानं चाक स्वतःकडं एक पूर्ण फेरा फिरवा. चाक नेहमी स्वतःकडं, उलटं कधीच नाही. सुई खाली जाऊन वर आली की धरलेला दोरा हलकेच ओढा. खालच्या दोऱ्याचा फासा वर येईल. तो काढून दोन्ही टोकं पायाखालून मागं घ्या, वीतभर. पहिले चार टाके घालताना ती टोकं बोटाखाली धरून ठेवा. सुरुवातीलाच गुंता होण्याचं सगळ्यात मोठं कारण ही टोकं मोकळी सोडणं, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

आता परीक्षेची टीप. वर लाल दोरा घाला, खाली पांढरा. जुन्या धोतराची किंवा चादरीची पट्टी दुहेरी करून वीतभर टीप मारा आणि दोन्ही बाजूंनी बघा. वरून पांढरे ठिपके दिसत असतील तर वरचा दोरा फार घट्ट आहे किंवा खालचा सैल, बहुतेक पट्टीखालून निसटलेला. खालून लाल दोऱ्याची लूप दिसत असतील, जाळं होत असेल, तर खालच्या दोऱ्याला काही करू नका. इथं सगळ्या फसतात. गुंता खाली दिसतो म्हणून खालचा दोष वाटतो आणि केसचा स्क्रू पिळत बसतात. पण जाळं लाल दोऱ्याचं आहे ना? म्हणजे वरचा दोरा सैल सुटलाय. तो चकत्यांत बसलेला नाही, नाहीतर दांडीतून ओवायचा राहिलाय. सगळा दोरा काढा, पाय वर करा, पहिल्यापासून ओवा. ‘खाली गुंता होतोय’ म्हणून दोन दिवाळ्या झाकून ठेवलेलं मशीन एवढ्यानं चालू झालेलं मी अनेकदा बघितलंय.

तेलाचं जाता जाता सांगते. मशीनचंच तेल घाला. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. गोडंतेल नको, ते चिकट होतं. शटलमध्ये एक थेंब पुरतो, आणि तेल घातल्यावर आधी फडक्यावर टीप मारा, गिऱ्हाइकाच्या कापडावर नको.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असं आपण शाळेत ऐकलंय. पण १९२४ साली एकानं त्यांना याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीनला त्यातून वगळलं होतं. सिंगरनं बायकोला हातानं शिवताना कष्टताना बघितलं आणि तिचा त्रास वाचावा म्हणून मशीन केलं, असं त्यांनी सांगितलं होतं. चांगली गोष्ट आहे. मला मात्र वाटतं, कष्ट वाचवायला आणलेल्या मशीनचा स्क्रूही बायकोला फिरवू देत नसतील तर कष्ट अर्धेच वाचले. “तू हात लावू नको, बिघडवशील,” असं घरात कुणी म्हणालं तर भांडू नका. केस हातात घ्या, लोंबवून झटका द्या, आणि विचारा, सांगा बरं, घट्ट आहे की सैल?

कारण नुकसान होतं ते आपलंच. सैल टिपेचा ब्लाउज घेऊन गिऱ्हाईक लग्नाला जातं, हात वर केला की काखेत उसवतं. चार बायकांत तिची शोभा होते. ती आपल्याकडं तक्रार घेऊन येतही नाही, पुढचा ब्लाउज दुसरीकडं टाकते. तिच्या दोन जावाही तिकडंच जातात. गटानं मिळून गणवेशाचं काम घेतलं असेल तर एकीच्या सैल टिपेनं सगळा गठ्ठा परत येतो. म्हणून गटाचं काम सुरू करायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या मशीनवर ती दोन रंगांची पट्टी शिवावी आणि सगळ्या पट्ट्या एकत्र ठेवून बघाव्यात. कुणाला नावं ठेवायला नव्हे. शेजारणीची चांगली टीप बघून आपल्या मशीनचं काय चुकतंय ते पटकन कळतं.

येत्या बैठकीला पट्टी घेऊन जा. पट्टीच्या एका टोकाला आपलं नाव टाका, दुसऱ्या टोकाला टीप मारताना मशीन कुरकुरलं का, तेही लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीकडून लिहून घ्या, आणि ते लिहिताना तिलाही केस लोंबवून दाखवा. पुढच्या बुधवारी मी सुईबद्दल बोलणार आहे, कुठल्या कापडाला कितव्या नंबरची सुई आणि ती कधी बदलायची. आपली सध्याची सुई काढून, तिच्यावरचा नंबर वाचून ठेवा. बारीक असतो, उन्हात धरून बघा. नमस्कार.